वावरातल्या जुन्या इंजिनाचं मॉडेल: घरच्या वर्कशॉपात वाळूच्या साच्यातून ॲल्युमिनियम ओतण्याची रीत

विदर्भात विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर जे इंजिन टुकटुकायचं, ते बहुतेक लिस्टर धाटणीचं होतं: एकच उभा सिलिंडर, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, दोन्ही अंगांना एकेक जाडजूड फ्लायव्हील. आज ही इंजिनं गोठ्यामागे टिनाखाली पडली आहेत. त्यांचं चालतं मॉडेल करायचं असेल तर सहाव्या हिश्श्याचं माप सोयीचं पडतं. जवळपास दोन फुटांचं फ्लायव्हील १०० मिमीच्या आसपास येतं आणि सगळे भाग लहान लेथवर मावतात.

क्रँककेस, सिलिंडरभोवतीचं पाण्याचं जॅकेट, हेड आणि बेअरिंगच्या टोप्या ॲल्युमिनियमच्या ओताव्यात. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड सळईतून काढा. सिलिंडरचं लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती आतली नळी, ओतू नका. जुन्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) तुकड्यातून ते लेथवर निघतं आणि बिडावर पिस्टन चांगला चालतो. फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं करण्यात अर्थ नाही, त्यात वजनच नसतं. त्याबद्दल शेवटी.

नवीन माणूस सगळा जीव भट्टीत घालतो. भट्टी केवढी, ब्लोअर कोणता, ज्वाळा किती उंच. पण फेकून द्यावं लागलेलं कास्टिंग (ओतून निघालेला भाग) हातात घेऊन बघा, दोष बहुतेक वेळा भट्टीबाहेरचा निघतो. वाळूत पाणी जास्त झालेलं असतं, धातू साच्यात आपटत गेलेला असतो, किंवा जिथे तो सगळ्यात शेवटी गोठला तिथे त्याला ओढून घ्यायला धातूच उरलेला नसतो. म्हणून इथे भट्टीवर थोडं आणि वाळूवर जास्त लिहितो आहे.

हंगाम

हे काम दिवाळी ते होळी या काळातलं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चामड्याचे बूट आणि जाड कपडे घालून भट्टीपुढे उभं राहणं होत नाही. पावसाळ्यातली अडचण वेगळी. कोळसा, वाळू, भंगार सगळं दमट असतं आणि वितळलेलं ॲल्युमिनियम वाफेतला हायड्रोजन शोषून घेतं. पातळ असताना तो त्यात मुरतो आणि गोठताना बाहेर पडू बघतो, मग कास्टिंगच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. हिवाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्याही वाळून उपटलेल्या असतात, जाळ पेटवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

भंगार निवडणं

आपल्याकडे ज्याला जर्मन म्हणतात ती पातेली आणि विजेची तार जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची असतात. साच्याच्या कोपऱ्यात ती नीट भरत नाहीत आणि लेथवर टूलला चिकटतात. थंड पेयांचे डबे तर घेऊच नका, पातळ पत्र्याचा बराच भाग मळीतच (वितळलेल्या धातूवर येणाऱ्या कचऱ्यात) जातो. जे एकदा ओतलेलं आहे तेच पुन्हा चांगलं ओतलं जातं, म्हणून गॅरेजमधून मोटारसायकल-ट्रॅक्टरचे पिस्टन आणि सिलिंडर हेड आणा. पिस्टनमध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे धातू पातळ वाहतो आणि आकुंचनही कमी होतं. क्रँककेसला हेडचा धातू बरा, तो कमी ठिसूळ असतो.

दोन गोष्टी मात्र तपासाच. काही इंजिनांची झाकणं मॅग्नेशियमची असतात. ती दिसायला सारखीच पण हलकी असतात आणि भट्टीत पेट घेतात. कानशीने घासून चकचकीत केलेल्या जागी व्हिनेगरचे दोन थेंब टाका, लगेच फसफसलं तर तो तुकडा बाजूला ठेवा. दुसरं, कार्ब्युरेटर. त्यांत जस्ताचा मिश्रधातू असू शकतो. हातात धरला की त्याचं वजन ॲल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त लागतं आणि तो मिसळला की कास्टिंग कमकुवत होतं. पिस्टनच्या पिना काढा, बंद पोकळी असलेला कोणताही तुकडा फोडून घ्या, तेल जाळून टाका.

पॅटर्न

ॲल्युमिनियम गोठून थंड होताना लांबीत साधारण १.३ टक्के आटतं. म्हणून १२० मिमीच्या भागाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, १२१.६ मिमीचा करावा आणि जिथे मशीनिंग आहे तिथे वर २ ते ३ मिमी सोडावेत. उभ्या बाजूंना दीड अंशाचा उतार हवा. ५० मिमी उंचीला तो प्रत्येक बाजूने १.३ मिमी होतो. नजरेला कळतही नाही, पण तेवढ्यावर पॅटर्न वाळूतून अलगद सुटतो.

लाकूड सागवान किंवा शिवण. शिवण कोरायला मऊ असतं आणि हवा बदलली तरी फारसं वाकत नाही. सागवान सगळीकडे मिळतं, बल्लारशाच्या डेपोचंच पाहिजे असं काही नाही, जुन्या चौकटीचा तुकडा उलट जास्त मुरलेला असतो. आतल्या कोपऱ्यांत लांबी (पुट्टी) किंवा मेण भरून निदान ३ मिमीची गोलाई द्या. टोकदार आतला कोपरा म्हणजे गोठताना चीर पडायची जागा. वरून चपडा लाखेचे तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर मारा. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पॅटर्नही चालतो, पण थरांच्या रेघा लांबीने भरून गुळगुळीत केल्याशिवाय तो वाळू उचलून आणतो.

क्रँककेस पोकळ आहे, म्हणून तिला आतून वाळूचा कोअर, म्हणजे पोकळी राखणारा गाभा, लागेल. तो साच्यात टेकावा यासाठी पॅटर्नलाच दोन्ही टोकांना १५-२० मिमीचे दट्टे जोडा. त्यांना काळा रंग द्या, म्हणजे कोणता भाग धातूचा आणि कोणता नुसता टेका हे सहा महिन्यांनीही कळेल.

वाळू

कन्हान, वर्धा, वैनगंगा, कोणत्याही नदीची वाळू चालते. आधी ती धुऊन माती काढा, वाळवा आणि मग मैद्याच्या चाळणीतून गाळा. बांधकामाच्या जाड वाळूत कास्टिंगची पाठ खरबरीत येते. कोरडी वाळू चाळताना तोंडाला एन-९५ मास्क हवाच. नुसता रुमाल पुरत नाही, सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही.

वाळूला धरून ठेवते ती चिकणमाती, आणि फौंड्रीत त्यासाठी बेंटोनाइट वापरतात. आपली काळी कपाशीची माती चिकटते तीही मॉन्टमोरिलोनाइट याच खनिजामुळे, बेंटोनाइटमध्ये मुख्यतः तेच असतं. मग काळी मातीच का घालू नये? घालता येते, साचा उभाही राहतो. पण तिच्यात चुनखडीचे खडे, सेंद्रिय कचरा आणि निरुपयोगी गाळ असतो, म्हणून ती दुप्पट घालावी लागते, तिला पाणी जास्त लागतं आणि जास्त पाणी म्हणजे जास्त वाफ. एखादी टोपी ओतून बघायला ठीक, क्रँककेसला नको. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात बेंटोनाइटची पोती मिळतात. त्यात मीठ किंवा कोळसा मिसळलेला नाही एवढं विचारून घ्या.

१० किलो कोरड्या वाळूला ८०० ग्रॅम ते १ किलो बेंटोनाइट आणि ३०० ते ४०० मिली पाणी लागतं. आधी कोरडंच मिसळा, मग पाणी शिंपडत जा, आणि ताडपत्रीवर पायाने किंवा फावड्याच्या पाठीने दाबून-घासून मळा. प्रत्येक कणावर मातीचा पापुद्रा बसला पाहिजे, नुसतं कालवून ते होत नाही. रात्रभर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा आणि सकाळी पुन्हा जाड चाळणीतून काढा.

पाणी बरोबर आहे का? मूठभर वाळू घट्ट दाबा. लाडवासारखी वळली पाहिजे, बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत आणि मधून मोडली तर कडा धारदार राहिल्या पाहिजेत. तळहात ओला झाला तर पाणी जास्त आहे. कडा झडल्या तर शिंपडा मारा, पण चमच्याने मोजून. मला विचाराल तर सगळ्या कामात हीच एक गोष्ट हाताला शिकावी लागते, बाकी सगळं मोजून होतं.

कोअर, जवसाच्या तेलाचा

जवसाचं तेल फौंड्रीतला फार जुना बांधणारा पदार्थ आहे, आणि जवस तर आपल्याच रब्बीचं पीक. १ किलो कोरड्या बारीक वाळूला १५ ते २० मिली जवसाचं तेल, चमचाभर ज्वारीचं पीठ आणि तेवढंच पाणी. पीठ कच्च्या कोअरचा आकार धरून ठेवतं, तेल भाजल्यावर कडक होतं. दोन भागांच्या लाकडी पेटीत ठोकून भरा. मधून मेणात बुडवलेली सुताची जाड वात घाला, भाजताना मेण वितळलं की वायू निघायला वाट होते.

२०० ते २२० अंशांवर दीड-दोन तास भाजा. ओव्हन नसेल तर निखाऱ्यांवर टिनाचा डबा उपडा घालूनही होतं, पण हवा खेळती हवी. तेल नुसत्या उष्णतेने वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. रंग कॉफीसारखा गडद झाला की काढा. सोबत एक फालतू कोअर भाजून तो मोडून बघा. आत फिकट, तेलकट दिसला तर अजून भाजायचं आहे, कारण कच्चं तेल धातू लागताच धूर सोडतं आणि तो थेट कास्टिंगमध्ये शिरतो.

साचा भरणं

दोन पेट्या, आतून २५० बाय २०० आणि प्रत्येकी ८० मिमी खोल, नेमक्या जुळणाऱ्या दोन खिळ्यांच्या. सपाट फळीवर खालची पेटी उलटी ठेवा, मध्ये दोन भागांत केलेल्या पॅटर्नचा एक अर्धा भाग सपाट बाजू खाली करून ठेवा आणि पुरचुंडीतून टाल्कम पावडर झटका. पहिला बोटभर थर चाळणीतून पाडा आणि बोटांनीच पॅटर्नभोवती दाबा, तिथे दांडक्याचं काम नाही. मग थराथराने भरत कडेला जोरात, मध्ये बेताने ठोका. फार ठोकलं तर वाफेला वाट राहत नाही, कमी ठोकलं तर धातू वाळूत फुगतो. वरची वाळू कापून सपाट करा, सायकलच्या स्पोकने जागोजागी भोकं पाडा (पॅटर्नपासून बोटभर अलीकडे थांबून), दुसरी फळी ठेवा आणि पेटी पलटवा. आता पॅटर्नचा दुसरा अर्धा भाग जोडा, पुन्हा टाल्कम, वरची पेटी, स्प्रू (धातू ओतायची उभी वाट) आणि रायझर (गोठताना कास्टिंगला धातू पुरवणारा साठा) यांच्या लाकडी खुंट्या, आणि तसंच भरणं.

पेटी उघडून पॅटर्न काढताना त्यात स्क्रू घालून आधी चहूबाजूंनी हलके ठोके द्या. मग सरळ वर. पडलेला एखादा कण कोरड्या ब्रशने उचला, फुंकू नका. मग दट्ट्यांच्या खाचांत कोअर टेकवा आणि पेटी बंद करा.

धातूची वाट

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडची साय सतत धरते. धातू साच्यात ०.५ मीटर प्रतिसेकंदापेक्षा वेगाने शिरला तर लाट मोडते, साय आत दुमडली जाते आणि ती घडी म्हणजे तयार चीर. आणि ०.५ मीटरचा वेग फक्त १३ मिमी उंचीवरून पडल्यावरच येतो! वरच्या पेटीची उंची ८० मिमी, म्हणजे स्प्रूच्या बुडाशी वेग १.२५ मीटरच्या आसपास. तो थांबवता येत नाही, पुढे मंद करावा लागतो.

म्हणून स्प्रू वर रुंद, खाली अरुंद. अर्धा किलो धातूला बुडाशी ८ मिमी व्यास पुरतो, म्हणजे अर्धा चौरस सेंटिमीटर. एवढ्याने साचा तीन-चार सेकंदांत भरतो आणि स्प्रू तुडुंब राहिल्यामुळे हवा ओढत नाही. पुढचा रनर (आडवी वाट) आणि कास्टिंगला लागणारे गेट (आत शिरायची तोंडं) यांचं क्षेत्रफळ त्याच्या चौपट ठेवा, उदाहरणार्थ २० बाय ५ मिमीचे दोन गेट. रनर शेवटच्या गेटच्या पुढे दोन बोटं लांबवा, पहिला थंड आणि घाण धातू तिथे जाऊन अडकतो. गेट कास्टिंगच्या खालच्या भागाला जोडा, धातू खालून वर चढू द्या.

आता रायझर. गोठताना ॲल्युमिनियमचा आकार सहा-सात टक्क्यांनी घटतो, तो खड्डा कुठेतरी पडणारच. तो रायझरमध्ये पडावा, कास्टिंगमध्ये नाही, एवढंच आपल्या हातात आहे. त्यासाठी रायझर कास्टिंगच्या जाड भागानंतर गोठला पाहिजे. हिशेब सोपा: घनफळ भागिले थंड होणारा पृष्ठभाग. क्रँककेसचा १२ मिमीचा पाया दोन्ही अंगांनी थंड होतो, म्हणून त्याचा आकडा ६ मिमी. रायझरचा आकडा त्याच्या १.२ पट हवा, ७.२ मिमी. व्यासाएवढ्याच उंचीच्या गोल रायझरचा आकडा व्यासाच्या पाचव्या हिश्श्याइतका येतो, कारण खालचं तोंड कास्टिंगला जोडलेलं असतं आणि तिथून तो थंड होत नाही. म्हणजे ३६ मिमी, मी ४० धरतो. चार बोटं रुंदीच्या भागावर ४० मिमीचा खुंट बघून धातू वाया जातो असं वाटतं. जात नाही, कापून पुन्हा मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) जातो.

वितळवणं आणि ओतणं

भट्टी म्हणजे २० लिटरचा रंगाचा डबा, आतून फायरक्ले आणि फायरब्रिकचा चुरा लिंपलेला, बुडाशी तिरपा बसवलेला दीड इंची पाइप आणि त्याला ब्लोअर. इंधन लाकडी कोळसा. गॅस वापरायचा असेल तर व्यावसायिक १९ किलोचं सिलिंडर घ्या, स्वयंपाकाचं लाल सिलिंडर या कामाला कायद्याने चालत नाही. गावात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून लोहाराचा हाताने फिरवायचा पंखा जवळ असू द्या. धातू मुशीत गोठू देऊ नका, पुन्हा तापवताना तो फुगून मूस फोडतो. मूस ग्रॅफाइटची, तीन-चार किलो पितळाची, तिच्यात ॲल्युमिनियम किलोभर मावतं. लोखंडी डब्यात वितळवलं तर लोखंड हळूहळू धातूत विरघळतं आणि कास्टिंग ठिसूळ होतं.

भट्टी उघड्यावर, पण खाली कोरड्या वाळूचा थर हवा. सिमेंटच्या जमिनीवर वितळलेला धातू सांडला की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन गिलावा फुटतो आणि धातू उडतो. अंगात सुती कपडे, विदर्भात त्याची उणीव नाही. टेरिलिन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. बूट चामड्याचे, पँट बुटाच्या बाहेर, डोळ्यांवर चष्मा आणि चेहऱ्यावर जाळी. भंगाराचा प्रत्येक तुकडा भट्टीच्या काठावर तापवून मगच मुशीत.

मळी वेगळी करायला मीठ आणि कृषी केंद्रात मिळणारं पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश साधारण समान वजनात मिसळून, तव्यावर कडकडीत भाजून, चमचाभर वापरतात. हे मिश्रण साधारण ६६० अंशांवर वितळतं, जवळपास ॲल्युमिनियमबरोबरच. पण पोती नीट वाचा. नायट्रेट असलेलं खत चुकून मुशीत पडलं तर स्फोट होऊ शकतो. पोत्यावर खात्री नसेल तर नुसतं भाजलेलं मीठ वापरा.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याचा रंग बदलत नाही, म्हणून अंदाजाने काम करू नका. तापमान मोजायचा के-टाइप थर्मोकपल स्वस्त मिळतो. ७१० ते ७३० ला मूस बाहेर काढा. ७५० च्या पुढे नेलं की हायड्रोजन झपाट्याने मुरतो, आणि तो धातू पुन्हा थंड करून ओतला तरी छिद्रं जात नाहीत. मळी काढा, ढवळत बसू नका.

साच्यावर आधी विटा ठेवा. १५ बाय १० सेंटिमीटरच्या कास्टिंगवर ८ सेंटिमीटर उंचीचा धातू वरच्या पेटीला तीन किलोच्या जोराने उचलतो, पितळ असेल तर दहा. मुशीचं तोंड स्प्रूच्या वरच्या कटोरीसारख्या तोंडाला टेकवून ओता, धार अखंड, कटोरी सतत भरलेली. रायझरमध्ये धातू चमकला की थांबा. उरलेला धातू आधी तापवून ठेवलेल्या लोखंडी अँगलमध्ये ओता. वीस मिनिटं साच्याला हात लावू नका.

कास्टिंग वाचणं

कापल्यावर आत गोल, गुळगुळीत, चमकदार छिद्रं सगळीकडे पसरलेली दिसली तर तो हायड्रोजन: धातू जास्त तापला किंवा भंगार ओलं होतं. एकाच जाड जागी खडबडीत, खरबरीत भिंतींची पोकळी असेल तर रायझर लहान पडला किंवा चुकीच्या जागी बसला. पृष्ठभागाखाली मोठा गुळगुळीत फुगा म्हणजे वाळू ओली किंवा कोअर कच्चा, आणि तो कोअरच्या वरच्याच अंगाला असेल तर कोअरकडेच बोट दाखवा. गोलसर कडांची रेघ, जिथे दोन प्रवाह भेटले पण जुळले नाहीत, ती थंड धातूची. तिथे तापमान वाढवण्याआधी गेटची जागा बदलून बघा.

लेथवर पहिला कट कातडीच्या खाली, मिलिमीटरभर खोल घ्या. वर चिकटलेले वाळूचे कण हायस्पीड टूलची धार क्षणात मारतात. तालुक्याच्या लेथवाल्याकडे काम न्याल तर आधीच सांगा की हा पिस्टनचा धातू आहे. नाहीतर "काय बाप्पा, जर्मनचं पातेलं वितळवून आणलं का?" हे ऐकावं लागतं आणि तो वेगही पातेल्याचाच लावतो.

फ्लायव्हील

ते पितळेचं. भंडाऱ्याला पितळी नगरी म्हणतात, जुनं पितळ मोडीत मिळायला अडचण नाही. ॲल्युमिनियमच्या पाचसहा कास्टिंग चांगल्या येईपर्यंत मात्र इकडे वळू नका. पितळ हजार अंशांच्या आसपास ओतावं लागतं आणि त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून पांढरा धूर निघतोच. तो नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. वाऱ्याकडे पाठ करून काम करा, धातूवर कोळशाचा चुरा पसरा, उगाच तापवत राहू नका. पितळाचं आकुंचन दीड टक्का धरा.

आऱ्यांचं चाक थंड होताना तडकतं, कारण पातळ आरे आधी गोठतात आणि जाड कडा नंतर आकसते. आरे सरळ सहा करण्यापेक्षा विषम, पाच करा, किंवा थोडे वळणदार काढा, म्हणजे ताण वळणात जिरतो. मधली वाळू सैल ठोका आणि कास्टिंग गोठल्यावर लगेच आऱ्यांमधली वाळू उकरून मोकळी करा, चाकाला आकसायला जागा मिळते. खऱ्या इंजिनासारखं बिडाचंच हवं असेल तर घरी प्रयत्न नको, बीड ओतायला १३०० अंशांच्या आसपास जावं लागतं. एक टक्का आकुंचन धरून लाकडी पॅटर्न करा आणि एमआयडीसीतल्या एखाद्या बिडाच्या फौंड्रीत द्या. त्यांच्या मोठ्या साच्याच्या कोपऱ्यात तुमचं १०० मिमीचं चाक बसतं, फक्त पॅटर्नला उतार नीट दिलेला असला पाहिजे, नाहीतर मोल्डर तो साचा न भरताच परत करतो.

वापरलेली वाळू फेकू नका. काळी पडलेली, कोअरची आणि जळलेली वाळू वेगळी काढून उरलेल्या वाळूत थोडं पाणी आणि मूठभर बेंटोनाइट घातलं की ती पुन्हा तयार होते, आणि तीनचार वेळा वापरलेली वाळू नव्यापेक्षा चांगली वळते. ड्रमवर झाकण मात्र घट्ट ठेवा. गावातल्या मांजरांना एवढी बारीक, थंड वाळू दुसरीकडे कुठे मिळत नाही.